सगळं लक्ष तिथंच होतं

अजिनाथ मदने बोलायचा कमी आणि वाजवायचा जास्त. वैजापूरकडच्या एका वाडीवरचा हा पोरगा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि आढ्याला टांगलेला ढोल. त्याचे वडील सूर्यभान गजीच्या खेळात, फेर धरून करायच्या नाचात, ढोल वाजवायचे आणि बिरोबाच्या जत्रेला चार गावांहून त्यांना बोलावणं यायचं. चालायला शिकायच्या आधी अजिनाथनं ढोलावर बोटं आपटायला सुरुवात केली, असं त्याची आई दगडाबाई सांगायची. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.

बारावी झाल्यावर तो चुलतभावाच्या ओळखीनं शहराबाहेरच्या बजाजनगरला आला. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला आणि एका खोलीत चारपाच जणांत राहू लागला. शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगकलांचा विभाग आहे, तिथं तबला शिकवतात आणि त्याची डिग्री मिळते, हे त्याला कुणाकडून तरी कळलं. तबल्याची डिग्री असते या गोष्टीचं त्याला हसू आलं. मग ते हसू डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी त्यानं प्रवेश घेतला.

तेव्हापासून त्याची सकाळ कारखान्यात जायची आणि दुपार कॉलेजात. पाळी सुटली की हात धुऊन बस पकडायची, नगर नाक्यावरून छावणी पार करत शहरात यायचं आणि वर्गात मागच्या बाजूला बसायचं. कितीही धुतलं तरी नखांत ग्रीस राहायचंच. तबल्याची शाई काळीच असते, त्यामुळं चालून जातं, असं तो म्हणायचा.

वर्गातली बहुतेक मुलं शहरातल्या नोकरदार घरांतली होती. त्यांतली मृण्मयी कथक शिकायची. तिचे वडील वकील, घर ज्योतीनगरात. तिच्या रियाजाला साथ करायला कुणी मिळत नव्हतं, म्हणून एकदा अजिनाथ बसला आणि मग तोच बसू लागला. दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. ती घुंगरू बांधायची, तो हातोडीनं तबला लावून घ्यायचा आणि पुढचा तासभर जे काही बोलायचं ते बोलांतच व्हायचं.

आठवड्यातून एकदा प्रमोदिनी मॅडम यायच्या. त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, दुसऱ्या कॉलेजात शिकवायच्या. इथं कलावंताचं मन असा विषय त्यांच्याकडं होता. उंच, केस पांढरे, आवाज खालचा. त्यांनी एकदा तासाला आल्या आल्या फळ्याकडं पाठ केली आणि विचारलं, "मला व्याख्या नकोय. तुमच्या बाबतीत शेवटचं कधी असं झालं, की काहीतरी करताना वेळ कुठं गेला ते कळलं नाही? भूक कळली नाही, आपण कसे दिसतोय तेही आठवलं नाही?"

नाटकाचा सुयश म्हणाला, "मला आरशासमोर होतं, मॅडम."

"आरसा आठवतोय ना? मग नाही झालं," मॅडम म्हणाल्या आणि वर्ग हसला.

मृण्मयी म्हणाली, "मला चक्कर घेताना होतं. सुरुवातीला मी मोजत असते. मग कधीतरी मोजणं थांबतं आणि चक्कर चालूच राहते."

मॅडमनी मान डोलावली आणि मागं पाहिलं. "तुझं काय, अजिनाथ?"

तो उठला. तबल्याचं काहीतरी सांगावं असं त्याच्या मनात होतं. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. "मला मशिनीवर व्हतंय, मॅडम."

"कसल्या मशीनवर?"

"प्रेस हाय. वाळूजला. पत्र्याचे पीस काढायचे असत्यात."

आता वर्ग मोठ्यानं हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बाकापर्यंत चालत आल्या. "नीट सांग मला."

मग अजिनाथनं सांगितलं. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, बटणं दाबायची, वरून प्रेस आदळते, पीस काढायचा. दिवसभर एवढंच. पहिल्या आठवड्यात वाटलं वेड लागेल. मग त्याच्या ध्यानात आलं की ह्या चार मात्रा आहेत. ठेव, दाब, धम्म, काढ. धम्म झाला ती सम. ते कळल्यावर तो मनात ठेका धरू लागला. मग ठेक्यात तुकडे, तुकड्यांच्या शेवटी तिहाया, म्हणजे एकच बोल तीनदा. समेवर प्रेस आदळली पाहिजे आणि तिहाईही तिथंच संपली पाहिजे. "ते जमलं की मॅडम, मशीन नसतंय. मीबी नसतोय. भोंगा झाला की मग कळतंय, पाळी संपली."

मॅडमनी फळ्यावर एक रेघ ओढली. "काम फार सोपं असलं की माणूस कंटाळतो. फार अवघड असलं की घाबरतो. या दोन्हींच्या मधे शेताच्या बांधासारखी एक अरुंद वाट असते. काम आपल्या ताकदीला पुरून उरत नाही आणि ताकदही कामाला पुरून उरत नाही. त्या वाटेवर चालताना मनातली बडबड बंद पडते. माणसं ज्याला सुख म्हणून आठवतात, त्यातलं पुष्कळसं इथलंच असतं. इंग्रजीत याला फ्लो म्हणतात. आपण तंद्री म्हणू."

"आमच्याकडं तार लागली म्हनत्यात," अजिनाथ म्हणाला.

"तार लागली. हे जास्त चांगलंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तेच फळ्यावर लिहिलं. "अजिनाथनं काय केलं बघा. काम सोपं होतं, त्यानं ते स्वतःच अवघड करून घेतलं. कंटाळ्यातून रस्ता काढला."

त्या दिवशी बसमधून परत जाताना त्याला काहीतरी मोठं मिळाल्यासारखं वाटत होतं. जे त्याचं एकट्याचं खूळ होतं त्याला जगात नाव होतं. लोक त्याचा अभ्यास करत होते. खोलीत त्यानं ते चुलतभावाला सांगायचा प्रयत्न केला. चुलतभाऊ म्हणाला, "म्हंजे कामात मन लागतंय, एवढंच ना?" त्याचंही बरोबर होतं.

पुढं तो ती तार मुद्दाम शोधू लागला. आधी ती आपणहून लागायची. आता तो मशीनवर उभा राहिला की पहिल्या काही पीसांतच तिची वाट बघायचा.

त्याच्या मशीनला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब बसवलेली. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. म्हणजे ती आदळताना दोन्ही हात बाहेरच असणार, अशी सोय. पण त्यात वेळ जायचा. दिवाळीच्या आधी मोठी ऑर्डर आली, तेव्हा सुपरवायझर सर्जेरावनं फिटरला बोलावून बटणांची वायर काढायला लावली आणि खाली पायडल जोडून घेतलं. पायानं दाबायचं, हात मोकळे. "माल गेला की परत बटनं लावू," तो म्हणाला. सगळ्यांना कळत होतं हे चूक आहे. कुणीच काही बोललं नाही. अजिनाथही बोलला नाही, आणि त्याचं कारण भीती नव्हतं. त्याला पायडल आवडलं होतं. बटणांकडं हात न्यायचा तेव्हा लय मधेच तुटायची, ती आता सलग झाली होती. पाय ताल धरत होता आणि हात बोल वाजवत होते.

मृण्मयीच्या वार्षिक सादरीकरणाचे दिवस जवळ येत होते. एक परण, जोरकस बोलांची रचना, काही केल्या बसत नव्हती. शेवटच्या तिहाईतला तिसरा धा समेच्या जरासा अलीकडं पडायचा. ती वैतागायची, तो बोटांवर पुन्हा पुन्हा मांडून बघायचा. एका सकाळी मशीनवर ती परण मनात घोळवत असताना त्याला कळलं, मधल्या तुकड्यात एक दम कमी आहे. तिथं किंचित थांबलं की सगळं जागेवर येतं. त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. पीस निघत होते, पाय चालत होता, तोंडातल्या तोंडात बोल चालले होते. पहिला धा आला, दुसरा आला. नेमका तेव्हा एक पीस डायमध्ये अडकला. तो काढायला हात क्षणभर आत राहिला. तिहाईचा तिसरा धा आला आणि पायानं सम चुकवली नाही.

आवाज रोजच्यासारखाच झाला. म्हणून शेजारच्या मशीनवरच्या माणसाला काही कळलंच नाही. अजिनाथनं हात मागं घेतला आणि बघत राहिला. दुखत नव्हतं. त्याच्या मनात आलेली पहिली गोष्ट त्यानं पुढं कित्येक महिने कुणाला सांगितली नाही: परण बसली होती.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हात शक्य तेवढा वाचवला, जखम स्वच्छ शिवली. पण जे उरलं नव्हतं ते कुठून आणणार? कडेच्या चाटीवरचा ना, मधल्या शाईवरचा तिन, तिरकिट, सगळं त्या दोन बोटांचं होतं.

सूर्यभान गावाहून आले. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. वॉर्डात खाटेजवळ खुर्ची होती, पण ते खाली फरशीवरच टेकले. बराच वेळ त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहिलं नाही. मग विचारलं, "कसं झालं रं?"

"तार लागली व्हती, आबा."

म्हाताऱ्यानं पोराच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

दोन दिवसांनी सर्जेराव आला. नारळपाणी आणि सफरचंदं घेऊन आला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. वडील चहाला गेल्याचं बघून तो खाली वाकला. "अजिनाथ, चौकशीला लोकं येतील. त्यांना सांग, माझं लक्ष नव्हतं म्हनून. कंपनी तुला वाऱ्यावर सोडनार नाय, मी बोललोय. फक्त पायडलचं काढू नको. लक्ष नव्हतं, बस."

"पन लक्ष व्हतं."

"अरे, तसं म्हनायचं फक्त."

"सर्जेराव, लक्ष व्हतं. माझं सगळं लक्ष तिथंच व्हतं. तेवढं लक्ष तुमच्या अख्ख्या कारखान्यात कुनाचं नसंल." त्याचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "लक्ष व्हतं म्हनूनच झालं हे. बटनं असती तर माझं लक्ष असू दे नाय तर नसू दे, हात भाईर राहिला असता."

सर्जेराव गेला. चौकशीत त्यानं काय सांगितलं ते अजिनाथला पुढं कळलंच. कामगाराचा निष्काळजीपणा. मृण्मयीच्या वडिलांनी प्रकरण हातात घेतलं, ते बरीच वर्षं रेंगाळलं आणि शेवटी काहीतरी भरपाई मिळाली. पण त्या एका शब्दानं अजिनाथला जेवढं दुखावलं तेवढं कशानंच नाही. निष्काळजी म्हणतात त्याला? आयुष्यात कधी नव्हे एवढा तो त्या क्षणी जागा होता, फक्त जागा दुसरीकडं होता.

प्रमोदिनी मॅडम दवाखान्यातही आल्या आणि नंतर खोलीवरही. बजाजनगरच्या त्या खोलीत बसायला जागा नव्हती, त्या एका पत्र्याच्या पेटीवर बसल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "वर्गात मी तुझं कौतुक केलं. मशीन कसलं आहे, सुरक्षित आहे का, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मला उदाहरण आवडलं होतं."

"तुमी फक्त नाव सांगितलं, मॅडम. ते आदीपासून व्हतंच."

"हो. पण तू ते शोधायला लागलास."

ते खरं होतं. रस्त्यावर भाजीवाला पुकारत होता.

हात बरा झाल्यावर तो कॉलेजात परतला. तबल्याच्या सरांनी सांगितलं, वाजवता येणार नाही, पण पढंत कर. नाचणाऱ्याच्या बाजूला बसून तोंडानं बोल म्हणायचे, हातावर ताल द्यायचा. तीही मोठी कला आहे. मृण्मयीलाही ते पटलं. तबल्याला दुसरा मुलगा बसला आणि अजिनाथ पढंतीला. त्याचा आवाज खणखणीत होता, बोल स्वच्छ. सगळ्यांना वाटलं, चला, मार्ग निघाला.

पण त्याच्या आत काहीतरी उलटं झालं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. लय जमू लागली, मन त्यात उतरू लागलं, की छातीत धस्स व्हायचं. झोपेत पायरी चुकल्यासारखं. डोळे आपोआप हाताकडं जायचे, अंगाला घाम सुटायचा, आणि तो पुन्हा किनाऱ्यावर. हे फक्त पढंतीच्या वेळी व्हायचं असं नाही. बसमध्ये ड्रायव्हरनं गाणं लावलं आणि आपला पाय हलतोय हे जाणवलं, की तो दुसरा पाय त्यावर दाबून धरायचा. जेवताना, चालताना, कपडे पिळताना, कुठंही मन जरा रमलं की कुणीतरी आतून ओढून बाहेर काढायचं. पूर्वी ज्याला तो सुख म्हणायचा, त्याचाच आता पहिला वास आला तरी अंग पळून जायचं.

त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. सादरीकरण जवळ आलं होतं, आपोआप बरं होईल असं त्याला वाटलं.

कॉलेजचं सभागृह त्या संध्याकाळी भरलं होतं. मृण्मयी सुरेख नाचत होती. ठाट झाला, आमद झाली, तुकडे झाले. मग तीच परण आली. अजिनाथनं ती बोलायला घेतली. मधला दम बरोबर जागी पडला, तबला आणि घुंगरू आणि त्याचा आवाज असं सगळं एक झालं, आणि त्याला कळलं की आता तार लागतेय. तिहाईचा पहिला धा गेला. दुसरा गेला. तिसरा त्यानं उच्चारलाच नाही. त्याचं तोंड मिटलं आणि दोन्ही हात त्यानं छातीशी ओढून घेतले, जणू समोरून काहीतरी खाली येत होतं.

सम रिकामी गेली. तबलेवाला गोंधळला. मृण्मयीनं पाय टाकला, पण अर्धवट, आणि ती डगमगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण लोक वाजवतातच.

नंतर विंगेत ती घुंगरू सोडत होती. रडली नव्हती, पण चेहरा लाल होता. "तू मला मधेच सोडलंस, अजिनाथ. त्या एका जागेसाठी आपण किती महिने घालवले?"

"मला हात दिसला," तो म्हणाला.

"काय?"

"तिसरा धा आला का मला हात दिसतो. आत असलेला."

तिच्या हातातले घुंगरू तसेच राहिले. ही परण कुठं बसली होती, ते तिला तोवर ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं. मग ती रडली. पण दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं की ती परण ती पुन्हा करणार नाही, आणि पढंतीलाही दुसरं कुणीतरी बघेल. "मला तुझी भीती वाटत राहील, आणि तुला माझी," ती म्हणाली. तिचं काही चुकलं असं अजिनाथला कधी वाटलं नाही. पुढच्या वर्षी ती पुण्याला शिकायला गेली.

तो प्रमोदिनी मॅडमकडं गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शरीराचं एक शहाणपण असतं, त्या म्हणाल्या. जिथं एकदा घात झाला तिथं ते पुन्हा जाऊ देत नाही. त्यांनी त्याला त्यांच्या ओळखीच्या एका समुपदेशकाकडं पाठवलं. तिथं तो काही महिने नेमानं गेला. झोप लागू लागली, घाम कमी झाला. पण तारेचं काही झालं नाही.

"अजिनाथ, सुख म्हणजे फक्त तंद्री नाही," मॅडम एकदा म्हणाल्या.

"मग दुसरं काय असतं, ते शिकवा."

मॅडमनी माणसांची सोबत, अर्थ, कृतज्ञता असं काही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते सांगताना त्यांनाही ते परक्याच्या घरचं जेवण वाढल्यासारखं वाटलं असावं. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही रे. ज्याला ते दुसरं पुरतं, त्याच्यासाठी आहे हे."

डिग्री अर्धवट राहिली. चिकलठाण्याला एका गोदामाच्या गेटवर त्याला नोकरी मिळाली. गाडी आली की नंबर लिहायचा, साखळी काढायची, साखळी लावायची. फोन वाजतो, कुणी पत्ता विचारतो, विमानतळाकडं उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. एका गोष्टीत चित्त लागायला फुरसतच नाही. त्यानं हे काम मुद्दाम निवडलं होतं. इथं तार लागायची शक्यता नव्हती.

असं काही काळ चाललं. मग एका चैत्रात सूर्यभानांचा निरोप आला की जत्रेला ये. आला नाहीस तर आम्हीच तिकडं येऊन बसू, असंही म्हातारा म्हणाला. तो गेला.

माळावर बिरोबाच्या देवळापुढं गजीचा फेर धरला होता. पांढरे अंगरखे, हातांत रुमाल, मधे ढोल. सूर्यभानांनी ढोल उतरवून काठीसकट पोरापुढं धरला. "टिपरू धरता येतंय का बघ. अंगठा हाय, ह्या बाजूची दोन बोटं हायेत."

धरता आलं. अजिनाथनं वाजवलं, आणि नीट वाजवलं. प्रत्येक ठोका मोजून, डोळे उघडे ठेवून. फेर चालला, कुणाचं पाऊल चुकलं नाही. लोक म्हणाले, वा, सूर्यभानचा पोरगा. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं ढोल परत घेतला.

"चुकलं का काही, आबा?"

"चुकलं काय नाय. तू तिथं नव्हतास, एवढंच."

"यायची भीती वाटती."

सूर्यभान स्वतः वाजवू लागले. अजिनाथ बाजूला उभा राहून बघू लागला. लहानपणापासून त्यानं हा खेळ शेकडो वेळा आतून पाहिला होता. बाहेर उभं राहून पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. मोतीराम नावाचा एक वयस्कर गडी फेरात घुमायला लागला, मान फिरली, डोळे वर गेले. लगेच दोन माणसं फेरातून निघाली. एकानं त्याच्या कमरेचा शेला मागून धरला. दुसरा हात पसरून पुढं उभा राहिला, त्या बाजूला उघडी दगडी पायरी होती. दोघंही नाचत नव्हते, गप्पही नव्हते. नेहमीसारखे बोलत होते, एकानं तंबाखू मळली. पण शेला सुटला नाही. आणि सूर्यभान डोळे मिटून वाजवत होते तेव्हा त्यांच्या पाठीशीही कुणीतरी तसंच उभं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला तार लागली त्याच्याभोवती जागी माणसं उभी राहायची, हे इतकं जुनं होतं की अजिनाथच्या कधी नजरेतच आलं नव्हतं.

त्यानं कारखान्यातलं ते शेड डोळ्यांपुढं आणलं. तिथं इतकी माणसं होती. शेला कुणाच्याच हातात नव्हता. उलट ज्याच्या हातात तो असायला हवा होता, त्यानंच बटणांची वायर काढायला लावली होती. त्याला तेव्हा इतका राग आला की तो देवळामागं जाऊन बसला, आणि अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडला. दगडाबाईंनी त्याला तिथं पाहिलं आणि हाक न मारता त्या थोड्या अंतरावर बसून राहिल्या.

शहरात परत आल्यावर पुढच्या सुट्टीच्या दुपारी तो प्रमोदिनी मॅडमच्या घरी गेला. सोबत डग्गा होता, नुसता डग्गा. डग्गा डाव्या हाताचा, आणि डाव्या हाताला काही झालेलं नव्हतं. "मॅडम, एक काम हाय. मी वाजवतो, तुमी समोर बसा. काय बोलू नका, शिकवू नका. फक्त मला जाऊ द्या आन् तुमी जाग्या राहा."

त्यांना लगेच समजलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी खुर्ची ओढली, तपासायला घेतलेले पेपर बाजूला ठेवले आणि बसल्या. त्यानं विलंबित तीनताल धरला. डग्ग्याचा घुमारा खोलीत फिरू लागला. सुरुवातीला त्याची नजर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं जात होती. त्या बघत होत्या. हळूहळू नजर जायची थांबली. काही आवर्तनं तशी गेली, सम आली, पुन्हा आली, आणि मग छातीत धस्स झालं. त्यानं हात उचलला.

"इथंच आहे मी," मॅडम म्हणाल्या.

त्यानं घाम पुसला, पुन्हा धरला. पुन्हा तसंच झालं. त्या दुपारी तीनचारदा झालं, मग त्यांनी चहा केला.

अजूनही तो जातो, दर सुट्टीला नाही, पण जातो. मॅडमना आता कमी दिसायला लागलंय, त्यामुळं त्या खुर्ची जवळ घेतात. आवर्तनं थोडी वाढलीत असं त्यांना वाटतं. त्याला तसं वाटत नाही. तिहाई त्यानं अजून एकदाही घेतलेली नाही.